अकॅडमीचा हजेरीपट मागा

यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 27 लाख 72 हजार भरली. जमैका या अख्ख्या देशाची लोकसंख्या आज साधारण 28 लाख आहे. क्षेत्रफळाचं म्हणाल तर आपणच मोठे. आपला जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, ते बेट अकरा हजारांचं. आपले तालुके 16, त्यांचे परगणे 14. आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जमैकाला 6 पदकं मिळाली, त्यात एक सोन्याचं. भारतालाही 6 मिळाली, सोन्याचं एकही नाही.

हा हिशोब मी दरवर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर मांडतो. पोरं जरा वेळ गप्प बसतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास बोलतं, "सर, त्याइचं हाडच तसं असते." हे उत्तर सगळ्यांच्या सोयीचं आहे, कारण ते मानलं की आपल्याला काही करायचं उरतच नाही. त्यावर मी हैतीचं नाव लिहितो. जमैकाच्या शेजारचाच देश. माणसं त्याच आफ्रिकेतून, तशाच गुलामांच्या जहाजांतून आणलेली. लोकसंख्या जमैकाच्या चौपट. आणि ऑलिम्पिकच्या सगळ्या इतिहासात त्यांची पदकं दोन: 1924 साली नेमबाजीत एक, 1928 साली लांब उडीत एक. हाड सारखंच आहे, मग फरक कशानं पडला?

मी जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत क्रीडाशिक्षक आहे. बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, अमरावतीची. 2008 साली बीजिंगला उसेन बोल्ट 9.69 सेकंदांत शंभर मीटर धावला आणि शेवटची काही पावलं तर छाती ठोकत गेला, तेव्हापासून मला कॅरिबियन समुद्रातल्या या बेटांचा नाद लागला. बायको म्हणते, लोकांना क्रिकेटचा असतो, यांना ग्रेनाडाचा. पण सध्या त्या नादाचा उपयोग होतोय, कारण गावोगावी अकॅडम्यांचं पीक आलंय आणि पालक विचारायला येतात.

आमच्याकडे अकॅडमी म्हणजे बहुतेक पोलीस भरतीची. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक आणि संध्याकाळी लेखीची तयारी. त्यांच्याबद्दल मला राग नाही. नोकरी लागते, घर उभं राहतं. पण आता त्यांनी मुलामुलींसाठी ‘स्पोर्ट्स अकॅडमी’ असा दुसरा फलक लावायला सुरुवात केली आहे. सातवी-आठवीतल्या लेकरांना राहायला बोलावतात आणि राष्ट्रीय खेळाडू करून देतो म्हणतात. फलकावर फोटो असतात. आमच्या बसस्टँडच्या दोन बाजूंना दोन अकॅडम्यांचे फलक आहेत आणि दोन्हींवर एकाच पोराचा फोटो आहे. एकीकडे त्याचा टी-शर्ट निळा, दुसरीकडे त्याच फोटोतला टी-शर्ट लाल केलेला. तो पोरगा माझा विद्यार्थी. विचारलं तर हसला. म्हणाला, "सर, मी तं कॅनॉलच्या पाळीवर धावलो जी. एकाकडे गोळा शिकाले गेलो होतो थोडे दिवस, अन् दुसऱ्याकडे पेपर सोडवाले."

तर यंदा सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा, झाल्यावर, कापसाचा पहिला वेचा सुरू असताना, गावातला एक पालक घरी आला. मी त्याला भाऊच म्हणतो. पोरगी आठवीत, आठशे मीटरला तालुक्यात पहिली आलेली. खिशातून घडी घातलेलं पत्रक काढून त्यानं टेबलावर सरळ केलं. वर्षाचे 95 हजार, राहणं-जेवण धरून. किट वेगळा. मी मनात भाव लावला, तेरा क्विंटल कापूस. भाऊची चार एकर कोरडवाहू.

"सर, पाठवू का?"

हो किंवा नाही म्हणणं सोपं होतं. पण अकॅडमी चांगली की वाईट हे ठरवायचं कसं, हा प्रश्न त्याच्यापेक्षा मोठा आहे, आणि तो समजून घ्यायला ही छोटी बेटं फार कामाची आहेत. मोठ्या देशात सगळं गर्दीत हरवतं. दीडशे कोटींच्या देशात पदक आलं तर श्रेय कोणाचं, कोण किती खपलं, कोण मधेच सुटलं, काही पत्ता लागत नाही. लाख-दोन लाखांच्या बेटावर प्रत्येक पोराचा माग काढता येतो.

आधी एक फसगत सांगतो, कारण ती मोठमोठ्या वर्तमानपत्रांतही छापून येते. पॅरिसनंतर लोकसंख्येच्या मानानं पदकं कोणाला जास्त, अशा याद्या फिरल्या. त्यात ग्रेनाडा पहिला, डॉमिनिका दुसरा, सेंट लुसिया तिसरा. वाचून कोणालाही वाटेल की या बेटांवर काय अकॅडम्या असतील! आता डॉमिनिकाचं बघा. लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या अर्ध्या तालुक्याएवढी. पदक एक. तिहेरी उडीत थिआ लाफॉंडनं 15.02 मीटर मारून सोनं घेतलं, देशाचं पहिलं. पण ही मुलगी लहानपणीच अमेरिकेत गेली, शाळा तिथं, विद्यापीठ मेरीलँडचं, प्रशिक्षक तिचा नवराच. तिनं झेंडा डॉमिनिकाचा घेतला, हे मोठंच. पण त्या पदकावरून डॉमिनिकातल्या मैदानांबद्दल काय कळलं? काहीच नाही. ग्रेनाडाचा अँडरसन पीटर्स आपल्याला माहीत आहे, 2022 च्या जागतिक स्पर्धेत भाला 90.54 मीटर फेकून त्यानं नीरज चोप्राला दुसऱ्या नंबरवर ठेवलं होतं. तो ग्रेनाडात वाढला, कॅरिफ्टा नावाच्या कॅरिबियन कुमार स्पर्धेत पुढे आला आणि मग अमेरिकेतल्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठात गेला. चारशे मीटरवाला किरानी जेम्स ग्रेनाडाच्या गुयाव्ह या कोळ्यांच्या गावातला. तो अलाबामा विद्यापीठात शिकला आणि 2012 साली 43.94 सेकंदांत देशाला पहिलं सोनं दिलं. या बेटांची खरी ‘अकॅडमी’ म्हणजे अमेरिकेतलं कॉलेज आणि तिथली शिष्यवृत्ती. बेटावर काय घडलं, तर पोरगं तिथवर पोचेपर्यंत कोणीतरी त्याला सांभाळलं.

तेव्हा फलकावरचा फोटो बघून पहिला प्रश्न हाच: हा तुमच्याकडे आला तेव्हा किती सेकंदांत धावत होता आणि गेला तेव्हा किती?

या एका प्रश्नासाठी जमैकाच्या स्टीफन फ्रान्सिसची गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. 1999 साली त्यानं किंग्स्टनमध्ये एमव्हीपी नावाचा क्लब काढला. तोवर जमैकाचं चांगलं पोरगं अमेरिकेला जायचं, हा शिरस्ताच होता. याच्याकडे उरलेली पोरं यायची. असाफा पॉवेल शालेय स्पर्धेत काही चमकलेला नव्हता, त्याच्या मागं अमेरिकेतल्या कॉलेजांची रांग लागली नव्हती. विद्यापीठाच्या गवताच्या ट्रॅकवर पहाटे पाचला सराव. 2005 मध्ये त्याच असाफानं 9.77 चा विश्वविक्रम केला. शेली-अॅन फ्रेझर ही वॉटरहाउस नावाच्या गरीब वस्तीतली मुलगी, तीही याच क्लबची, 2008 ला शंभर मीटरचं सोनं. जिथं आधीच जिल्ह्यात पहिली आलेली पोरं गोळा करून फोटो काढतात आणि जिथं सहाव्या नंबरच्या पोराला पहिला करतात, त्या दोन जागांना एकच शब्द वापरतो आपण. अकॅडमी.

आता खुद्द जमैकात जाऊन "तुमची अकॅडमी दाखवा" म्हटलं तर ते शाळेतच नेतील. त्यांची आंतरशालेय स्पर्धा, ‘चॅम्प्स’, 1910 पासून चालू आहे. मार्च-एप्रिलच्या सुमारास पाच दिवस. शेवटच्या दिवशी राष्ट्रीय स्टेडियममध्ये तीसेक हजार लोक, शाळेशाळेचे झेंडे, म्हातारे माजी विद्यार्थी नाचताहेत आणि टीव्हीवर थेट प्रक्षेपण. नॉर्मन मॅन्ली, जो पुढे त्यांचा फार मोठा पुढारी झाला, तो 1911 साली या स्पर्धेत शंभर यार्ड दहा सेकंदांत धावला होता. तो विक्रम 41 वर्षं टिकला. आपल्याकडचा पुढारी तालुकास्तरीय स्पर्धेला येतो तो नारळ फोडायला आणि दोन तास उशिरा. तोवर पोरं उन्हात रांगेत उभी. लेन आखलेली फक्की वाऱ्यानं उडून गेलेली असते, लेन कुठं संपते ते पंचालाही दिसत नाही, आणि अंतिम फेरी व्हायच्या आत प्रमाणपत्राच्या टेबलापाशी गर्दी असते. पालक मला विचारतात ते एवढंच, "सर, ग्रेस मार्क भेटन ना?" त्यांना दोष देत नाही. आपण स्पर्धेला जी किंमत दिली तीच ते विचारतात.

चॅम्प्सही काही सोवळं नाही. शाळा एकमेकींची पोरं पळवतात, सोळा वर्षांच्या पोराला तीन दिवसांत शर्यतीवर शर्यत धावायला लावतात, आणि शाळेत विक्रम करणारी कितीतरी पोरं विशीच्या आत संपतात. तिथल्या वर्तमानपत्रांत यावर कायम भांडण चालतं. निदान भांडण तरी चालतं.

पण मला जमैकातलं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर जी. सी. फॉस्टर कॉलेज. हा फॉस्टर जुन्या काळातला धावपटू. 1908 च्या लंडन ऑलिम्पिकला जायचं म्हणून केळी वाहणाऱ्या बोटीतून गेला. तिथं पोचल्यावर कळलं की ऑलिम्पिकच्या दफ्तरी जमैकाचं नावच नाही, म्हणून धावू दिलं नाही. त्याच्या नावानं 1980 मध्ये क्यूबा सरकारनं जमैकाला एक कॉलेज बांधून दिलं. तिथं ऑलिम्पिकवीर तयार करत नाहीत. तिथं शाळांसाठी क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक तयार करतात. म्हणजे आमची जात! ते शिकून गेलेले शिक्षक खेड्यापाड्यातल्या शाळांत पसरले. बोल्टचंही तसंच, ट्रेलॉनी परगण्यातलं शेरवूड कंटेंट नावाचं खेडं, बापाचं किराणा दुकान, पोराचा ओढा क्रिकेटकडे. शाळेतल्या क्रिकेटच्या मास्तरानं त्याचा रनअप बघून त्याला ट्रॅकवर ढकललं. पंधराव्या वर्षी, 2002 साली, तो किंग्स्टनमध्येच कनिष्ठ विश्वविजेता झाला. तोवर त्यानं कुठल्या अकॅडमीची फी भरली नव्हती.

आणि हे आपल्याकडे नव्हतं असंही नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, जी. सी. फॉस्टरच्या कितीतरी आधीचं. 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथली मंडळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आली. विदर्भातल्या किती शाळांचे पीटीचे मास्तर त्या मातीतून गेलेत, त्याला गणती नाही. पण आता काय झालंय, मास्तर निवृत्त झाला की ती जागा भरलीच जात नाही. खेळाचा तास गणिताच्या सरांकडे जातो आणि गणिताचे सर त्यात बीजगणित संपवतात. आमच्या आसपासच्या शाळांमध्ये पोरांना शिट्टी कोणी वाजवायची हाच प्रश्न आहे. ती रिकामी जागा अकॅडमीवाल्यांनी हेरली. जे काम शाळेत फुकट व्हायचं त्याचे आता 95 हजार.

अकॅडमी पाहताना दुसरा प्रश्न त्यामुळेच येतो: लेकरांना रोज शिकवतो कोण? उद्घाटनाच्या फोटोत राष्ट्रीय खेळाडू असतो, पण सकाळी मैदानावर कोण असतं? आइसलँडनं हे नीट केलं. चार लाखांच्या आतला देश, हिवाळा लांबलचक आणि गारठ्याचा. त्यांनी 2000 सालापासून छताखालची पूर्ण आकाराची फुटबॉल मैदानं बांधली, हे सगळे सांगतात. पण त्यांनी त्याहून महत्त्वाचं केलं ते असं की अगदी लहान पोरांच्या संघालाही परवानाधारक, पगारी प्रशिक्षक दिला. 2016 च्या युरो स्पर्धेत त्यांनी इंग्लंडला 2-1 हरवलं आणि 2018 ला वर्ल्डकप गाठला. त्या वर्ल्डकपला त्यांचा प्रशिक्षक होता हेमिर हॉलग्रिमसन, धंद्यानं दातांचा डॉक्टर. पुढे तो जमैकाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला, म्हणजे माझ्या वहीतली दोन बेटं एकाच माणसानं जोडली.

आपल्या शेजारचं मालदीव तर पाचेक लाखांचं. 2008 आणि 2018 अशा दोन वेळा सॅफ या दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी भारताला हरवलंय. एवढं सांगून पुढे जातो.

इमारतीबद्दल मात्र थांबून बोलायला पाहिजे, कारण पालक सगळ्यात आधी इमारतीलाच भुलतात. सेंट लुसियाची ज्युलियन आल्फ्रेड. पॅरिसला शंभर मीटर 10.72 सेकंदांत मारून तिनं पावणेदोन-दोन लाखांच्या देशाला पहिलं ऑलिम्पिक पदक दिलं, तेही सोन्याचं. नंतर दोनशेला रुपेरी. जिंकल्यावर ती काय बोलली, तर लहानपणी बूट नव्हते, अनवाणी आणि शाळेच्या गणवेशात धावायचे, आणि आमच्याकडचं स्टेडियम अजून नीट नाही. त्या स्टेडियमची कथा ऐका. बेटाच्या दक्षिण टोकाला व्ह्यू फोर्ट इथं जॉर्ज ओडलम स्टेडियम आहे. 2009 साली तिथलं सेंट ज्यूड हॉस्पिटल जळालं. मग रुग्णांना कुठं न्यायचं, तर स्टेडियममध्ये. तात्पुरतं म्हणून गेलेला दवाखाना वर्षानुवर्षं तिथंच राहिला. ज्युलियन तेव्हा आठ वर्षांची होती. म्हणजे तिच्या धावण्याच्या सगळ्या शाळकरी वयात त्या स्टेडियममध्ये खाटा होत्या.

आपल्या तालुका क्रीडा संकुलात मतमोजणीची जाळी लागलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नवीन वाटणार नाही.

मग ती घडली कशी? तिच्यामागे गावातला एक प्रशिक्षक होता. बारा वर्षांची असताना बाप गेला, तिनं धावणं सोडलं, तेव्हा त्यानं तिला परत मैदानावर आणलं. चौदाव्या वर्षी ती घर सोडून जमैकाच्या एका शाळेत गेली आणि तिथून टेक्सास विद्यापीठात. चौदा वर्षांची मुलगी, समुद्रापलीकडे, एकटी. जिंकली म्हणून ही गोष्ट आपण सांगतो. तिच्यासारख्या घर सोडून गेलेल्या आणि न जिंकलेल्या मुलींची गोष्ट कोण सांगतं? आपल्याकडेही पोरांना बाहेर जावंच लागतं. नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजी शिकायला साताऱ्याला गेला आणि 2023 साली बर्लिनला विश्वविजेता झाला. नागपूर काही खेडं नाही, तरी जावं लागलं. बाहेर पाठवू नका असं माझं म्हणणं नाही. कोणाच्या भरवशावर पाठवताय ते बघा, एवढंच.

फिजीचं एक उदाहरण भाऊला मी मुद्दाम सांगितलं. नऊ लाखांचा देश, रग्बी सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचं, वेड. 2016 ला ऑलिम्पिकचं पहिलंच पदक आणि तेही सोन्याचं, अंतिम सामन्यात ब्रिटनला 43-7. सरकारनं आनंदात सात डॉलरची नोट काढली! त्याच फिजीत नड्रोगा भागात क्लेरमाँ या फ्रेंच क्लबनं अकॅडमी चालवली. तिथं तयार झालेला अलिवेरेती राका फ्रान्सला गेला आणि 2019 च्या वर्ल्डकपला फ्रान्सकडून खेळला. पोराचं भलं झालं, पगार मिळाला, घरी पैसा आला. त्यात वाईट काही नाही. पण अकॅडमी कोणासाठी पोरं तयार करते, हे पत्रकावर छापलेलं नसतं. ते ज्याचं त्यानं शोधायचं. भाऊला हे चटकन कळलं. म्हणाला, "म्हणजे बियाणं कंपनीचा प्लॉट. शेत आपलं, माल त्याइचा."

औषधांबद्दल थोडक्यात. भरतीच्या मैदानाशेजारी सिरिंज सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. जमैकाही यातून सुटला नाही. 2013 साली असाफा पॉवेलसकट त्यांचे मोठे खेळाडू चाचणीत सापडले, आणि बीजिंगच्या रिलेतलं बोल्टचं एक सोनं सोबत्याच्या नमुन्यामुळे नऊ वर्षांनी परत गेलं. आठवीतल्या मुलीला अकॅडमीत कुठली पावडर देतात, तिचा डबा बघायला मागा. डब्यावर काय लिहिलंय ते कळलं नाही तर फोटो काढून आणा.

हे सगळं बोलून झाल्यावर भाऊ म्हणाला, "चला ना सर, पाहून येऊ." गेलो.

अकॅडमी गावाबाहेर, हायवेला लागून. पोरींची खोली स्वच्छ होती, संडासाला पाणी होतं, हे आधी सांगतो, कारण ते नसेल तर पुढचं काही बघायचंच नाही. मैदान म्हणून जे दाखवलं ते शेजारच्या लेआउटमधली मोकळी जागा, मुरूम टाकलेली, दोनशे मीटरचा फेराही पुरा होत नव्हता. लांब धावायला कुठं नेता विचारलं तर हायवेच्या कडेला, डांबरावर. शिकवणारा पोरगा चोवीस-पंचवीसचा, नम्र, स्वतःच भरतीची तयारी करणारा. त्याच्या हातात शिट्टी होती, स्टॉपवॉच मोबाइलमध्ये. मी विचारलं, "या पोरींचे सुरुवातीचे टाइम कुठं लिहिले आहेत?" तो ऑफिसकडे बघायला लागला.

ऑफिसात मी गेल्या वर्षीचा हजेरीपट मागितला. कारकुनाला वाटलं आम्हाला किती गर्दी आहे ते बघायचंय, त्यानं हौसेनं काढून दिला. शाळेत आयुष्य गेलं माझं, हजेरीपट वाचता येतो मला. जूनचं पान खालपर्यंत भरलेलं, शेवटची चार नावं समासात घुसवलेली. मग जुलै. ऑगस्टपासून नावांवर लाल रेघा. शेऱ्याच्या रकान्यात ‘नाव कमी’, ‘घरी गेली’, ‘फी बाकी’. आणि ऑगस्टच्या पानावर एकाखाली एक, त्याच अक्षरात: नडगी. नडगी. नडगी. डांबरावर, नवख्या पोरांना, पहिल्या महिन्यापासून रोज पळवलं तर दुसरं काय होणार? पायाचं हाड एकदम वाढवलेला भार सोसत नाही. आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं असतं, गवत किंवा माती बघायची असते, दुखलं की थांबवायचं असतं. हे आम्हाला बीपीएडच्या पहिल्या वर्षात शिकवतात. जानेवारीच्या पानावर निम्मीही नावं उरली नव्हती. उरलेल्यांतली दोन फलकावर होती.

भाऊनं ते पान बराच वेळ पाहिलं. तो सातवी शिकलेला माणूस, पण लाल रेघ कोणाला कळत नाही?

पत्रकामागच्या हमीपत्रात तर छापलेलंच होतं की दुखापत झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही आणि मधेच सोडल्यास फी परत मिळणार नाही. ही दोन वाक्यं एकाखाली एक वाचली की नडगीवाल्या पोरांच्या बापांचं काय झालं असेल ते दिसतं.

मला माहीत आहे, कोणी म्हणेल की गळती सगळीकडेच असते. असतेच. जमैकातही असते, शंभरातली नव्व्याण्णव पोरं बोल्ट होत नाहीत. पण चॅम्प्समधून गळालेलं पोरगं त्याच शाळेत, त्याच वर्गात, त्याच मित्रांत असतं. त्याचं धावणं सुटतं, शाळा सुटत नाही. आमच्या अकॅडमीतून गळालेली मुलगी ऑगस्टमध्ये गावी परत येते तेव्हा तिचा दाखला कुठल्या तरी तिसऱ्याच शाळेत असतो, जिथं ती एक दिवस बसलेली नसते. तो दाखला परत आणायला बापाला चार चकरा. असे दोन दाखले मी स्वतः आणून दिलेत.

दोन दिवसांनी अकॅडमीच्या संचालकाचा भाऊला फोन आला. भाऊनं सरळ विचारलं, "साहेब, ते नडगीवाल्या पोरी आता काय करते?" समोरून उत्तर आलं की तुमच्यासाठी फीमध्ये दहा टक्के सूट करतो. भाऊ मला सांगताना हसत होता, "मी विचारलं काय, अन् तो सांगून राह्यला काय!"

पोरगी सध्या शाळेच्या मैदानावरच आहे. मी तिला आठवड्यातून तीनच दिवस जोरात धावायला लावतो, बाकीचे दिवस लंगडी, खोखो आणि दोरीच्या उड्या. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या निघाल्या की तिला नेऊ, तिथं निदान सुरुवातीचे टाइम आणि उड्या कागदावर येतात. आणि दुसऱ्या एका अकॅडमीनं फोनवरच सांगितलं की हजेरीपट दाखवतो, या. दुसरा वेचा आटोपला की रविवारी जाऊन येणार आहोत. भाऊचं म्हणणं, न सांगता जेवायच्या वेळेलाच जाऊ, म्हणजे लेकरांच्या ताटात काय वाढतात तेही दिसन.